सोलापूरच्या घरासाठी कूलर निवडताना: टाकीच्या लिटरआधी हवेची वाट आणि पाण्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरचं स्लॅबचं घर. बारा बाय चौदाचा हॉल, त्याला लागून दहा बाय बाराची बेडरूम. हॉलला उत्तरेकडे खिडकी, बेडरूमला पश्चिमेकडे. नळाला पाणी चार दिवसांआड, बाकी सगळा भार बोअरवर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीवर पांढरा थर धरतो. बजेट बारा हजार. नव्वद लिटरचा कंपनीचा प्लॅस्टिक कूलर घ्यावा, की पत्र्याचा बनवून घ्यावा?

आधी निर्णय सांगतो, कारणं मागून. खिडकीबाहेर बसणारा, तीन बाजूंना पॅड असलेला पत्र्याचा कूलर घ्या. फक्त त्याची खालची टाकी पत्र्याची नको, प्लॅस्टिकची किंवा फायबरची करून घ्या. तो हॉलच्या उत्तरेच्या खिडकीला बसवा आणि हवा बेडरूमच्या खिडकीतून बाहेर काढा. बजेटमध्ये हे बसतं. नव्वद लिटरच्या आकड्यामागे जाऊ नका. टाकी मोठी म्हणजे पाणी भरायला कमी वेळा उठावं लागतं, एवढाच तिचा फायदा. गारव्याशी तिचा काही संबंध नाही.

गारवा येतो पाणी उडून जाण्यातून. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. एक टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता खोलीबाहेर टाकतो, तेवढी शोषायला कूलरला तासाला पाच लिटरच्या थोडं वर पाणी उडवावं लागतं. म्हणून कूलरच्या बाबतीत पाणी हाच मुख्य खर्च, वीज नंतरची. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिटं पडतात. पाणी किती जातं ते पुढे सांगतो. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात खरा विचार तिथेच करावा लागतो.

हवा किती गार होईल हे तिच्या कोरडेपणावर ठरतं. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलेला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास थांबतो. कूलर कितीही भारी असो, त्याच्याखाली हवा जात नाही. चांगला, पूर्ण भिजलेला पॅड ४२ ते २४ या अंतरातला ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २७-२८ अंशांची हवा मिळते. पॅडमध्ये मागच्या वर्षीचं दबलेलं, कुजकं गवत असेल तर ते ६०-६५ टक्क्यांपर्यंतच पोचतं, म्हणजे ३०-३१ अंश. मृगाचा पाऊस झाल्यावर हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के झाली, की तोच ओला थर्मामीटर २७ दाखवतो. मग चांगल्या पॅडनेही पाचेक अंशच उतरतात आणि वर अंगाला चिकचिक. सोलापुरात कूलरचा खरा काळ गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतचा. त्यानंतर पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

आता हवा किती लागते ते बघू. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि निम्मं करा. मिनिटाला तेवढे घनफूट हवा हवी. तुमच्या हॉलचं १२ × १४ × १० म्हणजे १६८० घनफूट, निम्मं ८४०. कंपन्या खोक्यावर ताशी घनमीटर छापतात, तिथे सीएमएच असं लिहिलेलं असतं. घनफुटांच्या आकड्याला १.७ ने गुणलं की तो आकडा येतो, इथे साधारण १४३०. याचा अर्थ खोलीतली सगळी हवा तासाला तीस वेळा बदलते. माळवदाच्या जाड छताखाली वीस-पंचवीस वेळा बदलली तरी भागतं. उघड्या स्लॅबखाली मात्र तीसच्या खाली जाऊ नका.

खोक्यावरचा आकडा हा पंख्याला काही अडथळा नसतानाचा असतो. भिजलेले पॅड, झडपा, खिडकीची जाळी हे सगळं मध्ये आलं की त्यातला तिसरा हिस्सा सहज जातो, आणि रेग्युलेटर खाली आणला की आणखी जातो. म्हणून कागदावर २५०० ते ३००० असलेला कूलर तुम्हाला बरोबर. पत्र्याच्या कूलरमध्ये हे काम १५ किंवा १६ इंची पंखा करतो. दुकानात १८ इंची पंखा पुढे केला जाईल. दोन खोल्यांना तो जास्त होतो, आवाज वाढतो आणि पाणीही त्याच हिशोबाने जास्त पितो.

बेडरूमसाठी वेगळा कूलर लागणार नाही. हॉलमधून गेलेली हवा बेडरूमच्या दारातून जाऊन तिथल्या खिडकीने बाहेर पडली, की तीच हवा दोनदा कामाला येते. बेडरूममध्ये ती दोन-तीन अंशांनी जास्त उबदार असेल, पण झोपायच्या वेळेला बाहेरची हवाही उतरलेली असते, त्यामुळे चालतं.

इथेच बहुतेक घरांत चूक होते. नवा कूलर लावला, दारं-खिडक्या एसीसारख्या घट्ट बंद केल्या, पहिली पंधरा मिनिटं छान वाटलं, मग गुदमरायला लागलं आणि चादरी दमट झाल्या. दोष कूलरचा नसतो. कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर जायला वाट हवी. नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा पुढे सरकत नाही आणि ओल आत साठत जाते. तुमच्यासाठी ही वाट अडीच ते तीन चौरस फुटांची हवी. चार फूट उंच खिडकीचं दार सात-आठ इंच उघडं ठेवलं की तेवढी जागा मिळते. वाट पुरेशी आहे का हे बघायला त्या फटीत वर्तमानपत्राची अरुंद पट्टी धरा. पट्टी सतत बाहेरच्या बाजूला उडत राहिली पाहिजे. ती लोंबत असेल तर फट जास्त आहे किंवा दुसरीकडे कुठेतरी दार उघडं आहे. शिट्टीसारखा आवाज येऊन पट्टी ताठ उडाली तर फट कमी आहे. दिवसा हॉलमध्ये बसायचं असेल तर हॉलचीच कूलरसमोरची बाजू उघडा आणि बेडरूमचं दार लोटून घ्या. रात्री हॉलमधलं सगळं बंद करून बेडरूमची खिडकी उघडा. कूलर जागेवरच राहतो. तुम्ही खिडक्या उघडमिट करून गारवा कुठे न्यायचा ते ठरवता.

याच कारणाने चाकांवर फिरणारा प्लॅस्टिक कूलर खोलीच्या मध्यभागी ठेवून भागत नाही. तो खोलीतलीच ओली झालेली हवा पुन्हा ओढतो. घ्यायचाच झाला तर त्याची मागची बाजू उघड्या खिडकीला लागून हवी. 'हवा तीस फूट फेकतो', 'बर्फाचा कप्पा आहे' या गोष्टींसाठी जास्त पैसे देऊ नका. तुमचा हॉल चौदा फुटांचा आहे. आणि एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं. तांब्याभर बर्फाने पाच-दहा मिनिटं थोडा फरक जाणवतो, इतकंच. तसंच गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी कूलरला चालतं. पॅडवरून फिरताना ते थोड्याच वेळात स्वतःच गार होतं, गारव्यात फरक पडतो तो तीन-चार टक्क्यांचा.

पॅडकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण यंत्राचं खरं काम तिथेच होतं. हजार सीएमएच हवेला सुमारे अडीच चौरस फूट पॅड हवा. २५०० च्या कूलरला तिन्ही बाजू मिळून सहा चौरस फूट तरी पाहिजेत. टेप घेऊन जा आणि जाळीच्या आतला पॅड मोजा. बाहेरची प्लॅस्टिकची चौकट मोठी दिसते, आतला पॅड पुष्कळदा लहान निघतो. पॅड लहान आणि पंखा मोठा असेल तर हवा घाईने निघून जाते, पुरती गार होत नाही, वर पाण्याचे थेंबही ओढून आणते.

गवत की हनीकोंब हा प्रश्न पाण्यावर सोडवावा. हनीकोंब म्हणजे रेझिन लावलेल्या कागदाच्या नळ्यांचा पॅड, ९० मिलिमीटर जाडीचा चांगला. तो जास्त गार करतो, आकार धरून राहतो आणि पाणी बरं असेल तर तीनेक उन्हाळे टिकतो. पण क्षार बसले की नळ्यांची तोंडं दगडासारखी बुजतात. लाकडाच्या बारीक सालपटांचं गवत स्वस्त असतं, दर वर्षी काढून टाकायचंच असतं, त्यामुळे क्षारांचं दुःख नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर फार महाग नसतं. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतंच. पाण्यात हजारच्या वर आकडा आला आणि तेच पाणी वापरावं लागणार असेल तर गवत लावा आणि एप्रिलअखेर एकदा बदला. नळाचं पाणी मुख्यतः वापरता येणार असेल तर हनीकोंब. वाळ्याचा पॅड लावला तर वास सुरेख येतो, पण तो लवकर दबतो आणि हवा अडवतो. हौस असेल तर एकाच बाजूला लावा.

हनीकोंब बसवताना उलटा बसण्याची शक्यता असते. त्याच्या नळ्या दोन दिशांनी तिरक्या असतात, एक ओळ जास्त उभी, दुसरी कमी. जास्त उतार असलेली ओळ बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा आत शिरते तिकडे, खाली उतरली पाहिजे. मग पाणी बाहेरच्या तोंडाकडे ओढलं जातं आणि धूळ धुऊन निघते. उलटा बसवला तर पाणी पंख्याकडे येतं आणि खोलीत शिंतोडे उडतात. पूर्व भागात, मागांच्या कारखान्यांजवळ घर असेल तर पॅडवर सुताचं तूस बसतं. तिथे आठवड्याला बाहेरून मऊ ब्रश फिरवावा. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने तूस आणखी आत जातं.

आता पाण्याचा हिशोब. प्रत्यक्षात ताशी १५०० घनमीटर हवा १४ अंशांनी उतरवायला तासाला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी उडतं. रात्री बाहेर ३१ अंश असताना, पंखा कमी करून हजार घनमीटरवर आणला तर तासाला चार लिटर. दुपारचे सहा तास आणि रात्रीचे आठ तास धरले तर दिवसाला नव्वद लिटर. चार दिवसांचे ३६० लिटर, आणि क्षार जाण्यासाठी ओतून द्यायचं पाणी वेगळं. पाचशे लिटरची टाकी असेल तर तिचा मोठा भाग कूलरच पिऊन टाकतो. म्हणून 'जरा मोठाच घेऊ' हा विचार सोलापुरात महागात पडतो. दुपारी एक ते पाच एवढाच वेळ पूर्ण वेगात आणि रात्री सहा तास कमी वेगात चालवला तर साठ-पासष्ट लिटरांत दिवस निघतो. उन्हाळ्याआधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले तर छताचा ताप कमी होतो, कूलर खालच्या वेगावर पुरतो आणि पाणी वाचतं. कूलरवरचे दोन हजार वाचवून ते छतावर घाला, असं मी कोणालाही सांगेन.

बोअरच्या पाण्याने काय होतं ते आकड्यांत पाहा. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. टीडीएस हजार म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम क्षार. रोज साठ लिटर उडाले की साठ ग्रॅम मागे राहतात. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात सहा किलो. एवढा माल पॅड, पंप आणि टाकी मिळून पोटात घेतात. वरून पाणी घालत राहिलं आणि टाकी कधी रिकामी केलीच नाही, तर आठवड्यात आतलं पाणी कडू खारट होतं. उपाय साधा आहे: उडालेल्या पाण्याच्या निम्म्याने पाणी काढून टाकत राहायचं, म्हणजे आतले क्षार मूळच्या तिपटीवर जात नाहीत. पंपाच्या पाइपला एक टी जोडून सलाइनच्या नळीसारखी बारीक नळी बादलीत सोडा. दुपारभरात बादली भरते. ते पाणी संडासात टाकायला, अंगण धुवायला वापरा. कुंड्यांना घालू नका, माती खारवते. नळाचं पाणी असेल तर एवढं काढावं लागत नाही, तीन-चार दिवसांनी टाकी एकदा पूर्ण रिकामी केली की पुरे. आरओमधून वाया जाणारं पाणी कूलरला घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाचवायच्या भावनेने केली जाते, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

बॉलकॉक लावून गच्चीच्या टाकीतून जोड दिली तर भरायचं कष्ट जातं. पण जड पाण्यात बॉलकॉक अडकतो. अडकला की रात्रभर पाणी वाहून तुमचे चार दिवसांचे पाणी सकाळपर्यंत गटारात. जोडाच्या आधी एक कॉक ठेवा आणि झोपताना तो बंद करा. साठ लिटरची टाकी भरलेली असेल तर खालच्या वेगावर रात्र निघते.

पत्र्याची बॉडी बनवून घेताना पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड. २४ गेज घ्या, २६ थरथरतो. सगळ्यात आधी गंजतो तो खालचा तळ, म्हणूनच तळाशी प्लॅस्टिकचा टब बसवायला सांगितलं. टबाला तळाशीच मोठं बूच हवं. बाजूला दोन बोटं वर बूच ठेवलं तर गाळ कधीच पूर्ण निघत नाही. वजन खिडकीच्या गजांवर टाकू नका. साठ लिटर पाण्याचे साठ किलो, वर बॉडी, पंखा आणि भिजलेले पॅड मिळून आणखी पंचवीस-तीस किलो. चार पायांचा अँगलचा स्टँड किंवा भिंतीत ठोकलेले ब्रॅकेट हवेत. स्टँड पाणसळ लावून बसवा. एका बाजूला कलला तर पाणी एकाच पॅडवर उतरतं.

मोटार तांब्याच्या वाइंडिंगची आहे असं बिलावर लिहून घ्या. ॲल्युमिनियमची मोटार जास्त तापते, आणि जळाली तर भरून घेण्यापेक्षा नवी आणावी लागते. कंपनीचा कूलर घेत असाल तर त्यावर आयएस ३३१५ हे भारतीय मानक आणि आयएसआयचं चिन्ह आहे का पाहा. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर कूलरचे वॅट आणि इन्व्हर्टरची क्षमता दोन्ही बघा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटार गुरगुरते आणि तापते.

पंपाची परीक्षा दुकानातच होते. तीन पॅडना मिळून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी लागतं. पंप बादलीत ठेवा, पाइप कूलरच्या माथ्याइतका वर धरा आणि लिटरचा मग लावा. पाच-सहा सेकंदांत भरला पाहिजे. दहा सेकंद लागले तर तो पंप पॅडचा खालचा भाग कोरडाच ठेवणार. आणि कोरड्या पॅडची किंमत किती असते ते पाहा: पॅडचा चौथा भाग कोरडा राहिला तर तीन भागांतून २७-२८ ची हवा येते आणि एका भागातून बाहेरची ४२ ची. दोन्ही मिसळून खोलीत पोचते ती ३१ अंशांची. कूलर 'पूर्वीसारखा गार करत नाही' म्हणतात तेव्हा दहापैकी आठ वेळा पॅडवर असा कोरडा पट्टा सापडतो. वरच्या पन्हळीची किंवा पाइपची भोकं सेफ्टी पिनने मोकळी केली की काम होतं.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नका. पत्रा, पाणी आणि अनवाणी पाय हे एकत्र आले की अर्थिंग नसलेला कूलर जीव घेतो, आणि दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची वायर बॉडीला स्क्रूने घट्ट आवळलेली, आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) एवढं हवंच. घराचं अर्थिंग जिवंत आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या; बटणाच्या बोर्डात तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. पाणी घालताना किंवा जाळी काढताना प्लग उपसायचा, नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. हे लहान मुलांना आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

चालवताना पंप आधी सुरू करा, दहा मिनिटांनी पंखा. पॅड भिजायच्या आत पंखा लावला तर खोलीत गरम हवा आणि पॅडवरची धूळ येते. बंद करताना उलट: पंप आधी बंद, पंखा आणखी दहा-पंधरा मिनिटं. पॅड वाळतो, कुबट वास धरत नाही. छताचा पंखा दुपारी बंदच ठेवा किंवा अगदी हळू. तापलेल्या स्लॅबखालची हवा तो खाली अंगावर आणतो.

बिघाडांपैकी नेहमीचे सांगतो. पंखा गुंगुं करतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरतो, तर मोटारीचा कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला आहे. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याचाच नवा लावा, जास्तीचा लावला तर मोटार तापते. पंप आवाज करतो पण पाणी चढत नाही, तर आतल्या फिरकीवर क्षार बसलेत किंवा पाणी कमी झाल्याने पंपाने हवा घेतली आहे. कोरडा चालला तर पंप काही वेळात जळतो, म्हणून टाकीत पंप बुडेल इतकं पाणी कायम हवं. क्षार काढायला पंप बाहेर काढून बादलीत ठेवा, लिटरमागे वीस ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास चालवा. हे पाणी पत्र्याच्या बॉडीत फिरवू नका, जस्ताचा मुलामा खाल्ला जातो. आणि त्यात ब्लिचिंग पावडर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. वास येत असेल तर अत्तर किंवा फिनाइल टाकू नका, ते थेट श्वासात जातं. टाकी रिकामी करून घासा, पॅड उन्हात वाळवा.

डेंग्यूचा एडीस डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात. काथ्याने किंवा ब्रशने ती रेष घासून काढा. कूलर बंद करून गावाला जाताना तर हे आधी करा.

पाऊस लागला की पॅड काढून वाळवा, टाकीचं बूच उघडंच ठेवा, पंप धुऊन कोरड्या पिशवीत घरात ठेवा. बॉडीच्या पत्र्यावर जिथे रंग उडालाय तिथे पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा हात द्या, मग वर ताडपत्री. बेअरिंगची मोटार असेल तर काही करायला नको. बुशची असेल तर दोन थेंब शिवणयंत्राचं तेल टाकून पंखा हाताने चार वेळा फिरवून ठेवा.